बाळाला मांडीवर कोण घेणार?

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका मुलांनो, सांगितलं की तिथे लगेच रिसॉर्ट होतं) शेवरी नावाची एक हरिणी होती. एके सकाळी तिला पाडस झालं.

पाडस मोठं हुशार. ते जन्मलं, शिंकलं आणि उभं राहिलं. चार पाय चार दिशांना गेले, पण राहिलं.

"शाब्बास!" शेवरी म्हणाली. "आता पळायचं कसं ते बघ हं."

"अगं अगं अगं! खाली बसव त्याला!" झुडपातून आवाज आला.

वडीलधारी मंडळी बाळ बघायला आली होती. मुलांनो, अशी मंडळी येतात बाळ बघायला आणि चुका बघतात आईच्या.

पुढे होत्या आत्याबाई, म्हणजे कळपातली म्हातारी सांबरीण. मागे काठी टेकत वानरआजोबा. झाडावर ते सरसर चढत. काठी फक्त चारचौघांत.

"सव्वा महिना बाळ जागचं हलवायचं नसतं, सूनबाई," आत्याबाई म्हणाल्या. "मान तरी धरलीय का त्याने?"

"आत्याबाई, ते हरीण आहे. त्याला पळता यायला हवं."

"आम्हालाही पोरं झाली हो. आम्ही नाही कधी पळवली."

"कुठे असतात ती आता?"

आत्याबाईंनी विषय बदलला. "टाळूवर तेल घातलंस का?"

"आणि रोज नाक चिमटीत धरून वर ओढायचं," वानरआजोबा म्हणाले. "आमच्या घरात सगळ्यांची नाकं अशीच घडवलीत."

शेवरीने त्यांच्या नाकाकडे पाहिलं. मग आकाशाकडे पाहिलं.

इतक्यात गवत हललं आणि एक बिबट्या बाहेर आला. मिशा पांढऱ्याशुभ्र. खांद्यावर शाल. पोट खपाटीला गेलेलं.

"नमस्कार मंडळी," तो म्हणाला. "बाळ झाल्याचं कळलं. म्हटलं, जाऊन यावं."

शेवरी ताडकन पाडसाच्या पुढे उभी राहिली. "बिबट्या! पळा!"

कोणीही पळालं नाही. आत्याबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"सूनबाई, घरी आलेल्या माणसाशी असं बोलतात?"

"तो माणूस नाही, बिबट्या आहे!"

"तो? एवढ्या वयस्कर गृहस्थांना तो म्हणतेस? मिशा बघ त्यांच्या! आधी पाया पड."

"आत्याबाई, तो खाईल आपल्याला!"

"हेच शिकवतात वाटतं हल्ली कॉलेजात," वानरआजोबा बिबट्याकडे वळून म्हणाले. "मनावर घेऊ नका हं, दादासाहेब."

"छे छे, पोर आहे ती," दादासाहेब म्हणाले आणि ऐसपैस मांडी घालून बसले. "आणा, बाळाला जरा मांडीवर द्या."

"दे गं," आत्याबाई म्हणाल्या. "थोरांच्या मांडीवर दिलं की बाळाला आयुष्य लाभतं."

त्यांनी पाडसाला डोक्याने ढकलायला सुरुवातही केली. पाडसाला काय कळतंय! त्याला दादासाहेबांची शेपटी आवडली. ते एक पाऊल पुढे टाकून धपकन पडलं आणि पुन्हा उठलं.

शेवरीने ओळखलं, भांडून उपयोग नव्हता. इथे खरं बोललं की उद्धट ठरायचं. म्हणून तिने मान खाली घातली, आवाज मऊ केला आणि जन्मात पहिल्यांदा सुशील सुनेसारखी बोलली.

"चुकलं माझं, आत्याबाई. पण बाळाला मांडीवर घ्यायचा पहिला मान सगळ्यात मोठ्यांचा ना? तुमच्यात सगळ्यात मोठं कोण?"

झालं!

"मीच की," वानरआजोबा म्हणाले. "ही नदी ओहोळ होती तेव्हापासून मी इथे आहे."

"ओहोळ?" आत्याबाई फणकारल्या. "त्या ओहोळाच्या बारशाला मी घुगऱ्या वाटल्यात!"

"आणि तो डोंगर? तो रांगायला लागला तेव्हा त्याला धरायला मी होतो!"

"तुमच्या डोक्यावर एक तरी केस पिकलाय का?"

दादासाहेब म्हणाले, "अहो, पण बाळ..."

"तुम्ही थांबा!" दोघंही एकदम ओरडली. "तुम्ही लहान आहात!"

शेवरीने पाडसाला नाकाने हळूच ढोसलं. पाडस चाललं, अडखळलं, धावलं. दोघं नदी ओलांडून पार गेली तरी इकडे मोठेपणाचा निकाल लागत नव्हता. शेवटी आत्याबाईंनी हिमालयाच्या मुंजीची आठवण काढली आणि आजोबा हरले.

"ठरलं," आत्याबाई धापा टाकत म्हणाल्या. "सगळ्यात मोठी मी. आणा बाळ."

बाळ नव्हतं.

"अरे अरे," दादासाहेब म्हणाले. "पंचाईत झाली. बाळ बघायला आलेला पाहुणा रिकाम्या मांडीने उठत नाही. आमच्यात पद्धत आहे तशी."

पद्धत म्हटल्यावर आत्याबाईंपुढे प्रश्नच उरला नाही.

"मग पहिला मान माझा," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून दादासाहेबांच्या मांडीवर जाऊन बसल्या.

वानरआजोबा काठी टाकून झाडावर चढले. सरसर.

तात्पर्य: मुलांनो, थोरामोठ्यांना त्यांचा मान नेहमी द्यावा. मागतील तेवढा द्यावा. तो घेण्यात ते गुंतले की आपण पळायला शिकावं.