गरीब स्वभावाच्या कोंबड्या

भातकुलीतले आमचे शेजारी वसंतकाका कोंबड्यांची परीक्षा घेत. सकाळी खुराड्यासमोर बसून एकेकीपुढे बोट धरायचं. टोचलं की नापास. नापास कोंबडीची अंडी तव्यावर, पास झालेलीची खुडूक कोंबडीखाली उबवायला. त्यामुळे काकांच्या बोटाला बारा महिने पट्टी आणि घरात आम्लेटला तोटा नाही.

अकोल्याकडच्या एका पोल्ट्रीत त्यांची उमेदीची वर्षं गेली. दाटीत कोंबड्या एकमेकींना टोचून रक्तबंबाळ करतात, म्हणून तिथे पिलांच्या चोची तापल्या पात्यावर कापत. ते काम काकांकडे होतं. "चोच कापाची कायले? सोभावच बदलून टाकतो नं मी," असं म्हणत ते नोकरी सोडून आले.

माणसंही या परीक्षेतून सुटत नसत. पुतण्यासाठी स्थळ पाहून आले आणि मला म्हणाले, "पोरगी गरीब हाय, वहिनी. पन थे माय! त्या वानाचं अंडं बसवाचं नाई."

काकू आतून ओरडल्या, "अन् तुमचं कोनं बसवलं, बाप्पा?"

पण कोंबड्यांच्या बाबतीत जमलं. पिढ्या उलटत गेल्या तशा त्या एका ताटात जेवू लागल्या. एकीच्याही अंगावर जखम नाही. काका पाहुण्यांना हाताला धरून खुराड्याकडे नेत.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी मुंगूस शिरलं. एरवी गावरान कोंबडी अशा वेळी गल्ली डोक्यावर घेते. इथून आवाजच आला नाही. आम्ही गेलो तेव्हा मुंगूस एकीला ओढत होतं आणि बाजूची दाणे टिपत होती. अर्धं खुराडं रिकामं झालं होतं.

काकांनी मुंगसाला हाकललं. मग म्हणाले, "टोचनं काढता काढता मी त्यायचं भेवही काढून टाकलं. चोच कापत होतो तवा काय कापून राहिलो, थे दिसे तरी."

"बाजारातून एखादा तापट कोंबडा आणू," मी म्हटलं. "पुढची पिलं हुशार निघतील."

"म्हंजे आनखी बदलू? कितीदा, वहिनी? त्यायले कोनं इचारलं?"

दुसऱ्याच दिवशी मी नवी जाळी ठोकून घेतली, दाराला कडी आणि कुलूप लावलं. तरी काका दिवसभर काठी घेऊन दाराशीच बसतात. परवा नातवाच्या बारशाला काकू एकट्याच अमरावतीला निघाल्या. मी काकांना म्हटलं, "जा हो तुम्हीही. मी आहे, कुलूप आहे. कसली भीती?"

"यायले नाई ना वाटत," ते हळूच म्हणाले. "यायच्या वाट्याचं मलेच भ्या लागते."