हनुवटीसकट

ताईने चादर काढायला आईचं कपाट उघडलं आणि दाराच्या आतल्या बाजूला तिला स्वतःची हनुवटी दिसली.

बाकीची ताईही होती तिथे, नाही असं नाही. चष्मा होता, अंबाडा होता, पण ते सगळं हनुवटीच्या आधाराने कसंबसं उभं होतं. शेजारी मामा होते, म्हणजे दोन कान आणि मध्ये थोडेसे मामा. त्यांच्याखाली ताईचे यजमान, स्वतःच्या नाकामागे उभे. प्रत्येकाखाली ठळक अक्षरांत नातं लिहिलेलं होतं. मुलगी, भाऊ, जावई.

"धाकट्या," ताईने हाक मारली, "जरा इकडे ये."

धाकटा म्हणजे वय वर्षं सत्तेचाळीस. घरी बसून अर्कचित्रं काढणं हा त्याचा धंदा. नोकरी कुठेच नाही. मासिकं, दैनिकं, कंपन्यांचे निरोपसमारंभ, ज्याचं बोलावणं येईल त्याचं काम. लग्न केलं नव्हतं, आईजवळ राहायचा आणि तिच्याच खोलीत खिडकीशी त्याचं टेबल होतं. बोटांना कायम शाई आणि चेहऱ्यावर कायम अपराधी भाव. आत्ता तो भाव उपयोगी पडला.

"ही मी?"

"अर्कचित्र आहे ताई. म्हणजे माणसात जे मुळातच जास्त असतं, ते..."

"या हनुवटीवर कपडे वाळत घालता येतील."

"दोनच," धाकटा म्हणाला आणि लगेच पस्तावला.

मग त्याला सगळं सांगावं लागलं. आईला आताशा चेहरे ओळखू येईनासे झाले होते, हे ताईलाही माहीत होतं. डॉक्टरांनी सगळ्यांचे फोटो भिंतीवर लावायला सांगितले, तेही लावून झाले. आई फोटो बघायची आणि म्हणायची, "सगळे एकसारखेच हसतायत." मग एकदा मामांशी फोनवर बोलता बोलता धाकट्याने वर्तमानपत्राच्या कडेला सहज दोन कान गिरवले. आई वाकून बघत म्हणाली, "हा माझा भाऊ ना रे?" फोन कानाला तसाच धरून धाकटा रडला. पलीकडे मामा बराच वेळ आपल्या गुडघ्याबद्दल बोलत राहिले. त्याच दिवशी कपाटाच्या दारावरचा हा तक्ता तयार झाला. गेले तीन आठवडे कुणी यायचं असलं की आई आधी कपाट उघडून उजळणी करायची आणि पाहुण्याला दारातच बरोबर हाक मारायची.

"म्हणून मागच्या रविवारी तिने मला ओळखलं," ताई म्हणाली. "मला वाटलं, मी आणलेल्या गोळ्यांचा गुण."

इथे ताईने विषय सोडायला हवा होता. पण हनुवटी ही तिची लहानपणापासूनची दुखरी जागा. शाळेत झालं, लग्न ठरताना झालं, आता आईच्या कपाटातही तेच. "ओळखते ना ती आता? मग जरा बेताची कर," ती म्हणाली. "उद्या बाहेरच्या कुणी कपाट उघडलं तर?" एवढ्यावर न थांबता तिने मामांना आणि नवऱ्यालाही कळवलं. संध्याकाळी दोघे येऊन कपाटासमोर उभे राहिले.

"तीस वर्षं नोकरी केली मी," मामा म्हणाले, "पण माझ्या कानांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही."

"तुम्हाला ऐकू जाईल अशा बेताने काढलं नसेल," भाऊजी म्हणाले. स्वतःच्या नाकापर्यंत पोचेस्तोवर ते अगदी मजेत होते.

आता तुम्ही म्हणाल, धाकट्याने ठाम नकार द्यायचा. अहो, कसा देणार? गिऱ्हाइकांचं 'जरा' ऐकण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. टक्कल जरा झाका, साहेबांना जरा उंच करा, बाईसाहेबांना जरा हसवा. नाही म्हणायची सवयच मोडली होती बिचाऱ्याची. त्याने नवा तक्ता काढला. ताईला बेताची हनुवटी आली, मामांचे कान डोक्याला चिकटले आणि भाऊजींचं नाक इतकं सरळ झालं की त्यांनी मोबाइलवर चित्राचा फोटो काढून सगळ्या ऑफिसला पाठवला. धाकटा सोडून सगळे खूश होते.

पुढच्या रविवारी तिघं एकदमच आले. आईने कपाट उघडलं, नव्या तक्त्यावरून बोट फिरवलं, पाहुण्यांकडे पाहिलं, पुन्हा तक्त्याकडे पाहिलं. मग मामांच्या हातातल्या पिशवीवर तिची नजर गेली.

"नळ स्वयंपाकघरात गळतोय," ती म्हणाली.

मामा आत जाऊन नळ बघून आले. भाऊजींना तिने सांगितलं, विमा नको, आधीच दोन उतरवलेत. भाऊजी बरं म्हणाले. इथवर हसू येत होतं. मग ती ताईसमोर आली.

"बसा ना तुम्ही," ती अदबीने म्हणाली. "कुणाला भेटायचंय?"

"आई, मी आहे."

"हो, हो," आई म्हणाली. परक्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात, तसं.

ताई उठली, धाकट्याच्या टेबलाशी गेली आणि त्याच्या स्टुलावर बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"हनुवटी वाढव."

"किती?"

"होती तेवढी. नको, थोडी जास्तच. लांबूनही दिसली पाहिजे."

"माझे कानही मोकळे सोड," मागून मामा म्हणाले. "हात आखडू नकोस."

"नाकाचं तुझ्यावर सोपवलं," भाऊजी म्हणाले.

पुढची वीस मिनिटं टाकाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. शाई पुरती वाळायच्या आतच आईने कागद हातात घेतला. तिने ताईकडे पाहिलं आणि तिच्या हनुवटीला हात लावला.

"अगं, कधी आलीस? हाक नाही का मारायची?"

ताईने ती हनुवटी आईच्या तळहातात तशीच राहू दिली. आणखी थोडी असती तरी चाललं असतं, असं तिला वाटलं. मामांना ओल्या बाह्यांवरून बोलणी बसली आणि ती त्यांनी मोठ्या आनंदाने खाल्ली. जावयाची चौकशी झाली. मग आई टेबलाकडे वळली.

"फार छान काढता हो तुम्ही," ती धाकट्याला म्हणाली. "कुठून येता?"

धाकट्याने तक्त्यावर स्वतःला घेतलंच नव्हतं. चोवीस तास घरात असणाऱ्याचं चित्र कशाला, असं त्याला वाटलं होतं.

"इथलाच आहे मी," तो म्हणाला.

त्याने घाईघाईने कोरा कागद ओढला आणि आरशात बघून स्वतःला काढलं. सवयीने डोक्यावर केस आले आणि पोट आत गेलं. आईने ते चित्र कौतुकाने बघितलं.

"देखणा आहे," ती म्हणाली. "कुणाचा मुलगा?"

ताईने धाकट्याच्या हातातून टाक काढून घेतला. "ऊठ तिथून."

"ताई, तू शाळेत चित्रकलेच्या तासाला नेहमी..."

"ऊठ म्हटलं ना."

तिने एक मोठा गोळा काढला. ते टक्कल होतं. "अजून मोठं," मामा म्हणाले. "तीन केस दाखव," भाऊजी म्हणाले, "तीनच." मग घसरलेला चष्मा आला, कानामागची पेन्सिल आली, तुटलेलं बटण आलं आणि बटणाखाली, कसलीही दयामाया न दाखवता, पोट आलं. एक डोळा पार गालावर उतरला होता. धाकट्याने आजवर इतकं वाईट चित्र पाहिलं नव्हतं. पण ताईच्या खांद्यावरून वाकून तो एकेक रेघ बघत राहिला आणि मनातल्या मनात तिला म्हणत राहिला, काढ बाई, हवं ते काढ.

आईने कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला. मग तिने धाकट्याचा हात धरला आणि बोटांवरची शाई आपल्या रुमालाने पुसायला घेतली.

"किती वाळलास रे धाकट्या," ती म्हणाली. "जेवलास का?"

"नाही," धाकटा म्हणाला. तासाभरापूर्वीच तो पोटभर जेवला होता.