ओळ खोडण्याआधी
आमच्या ऑफिसातल्या घरत सरांना कोडमधली एक ओळ खोडायची असली, तर ते आधी ती लिहिणाऱ्याला फोन करतात. मग तो नोकरी सोडून गेलेला असो, परदेशात असो, नाहीतर स्वतःच्या हळदीला पाटावर बसलेला असो. हे शेवटचं मी गंमत म्हणून सांगत नाहीये. नागपूरच्या समीरला त्यांनी खरोखर हळदीच्या दिवशी गाठलं होतं.

"समीर, बिझी नाय ना? गेटवर ट्रक पंधरा मिनिटं थांबवायचं लिवलंस, ते कशापायी?"

हळदीच्या हाताने फोन धरून समीर म्हणाला, "सर, तिथला वजनकाटा सकाळी सुरू व्हायलाच तेवढा वेळ घ्यायचा."

सरांनी फोन ठेवला आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं. "बघ. मानूस येडा नसतो गो. कायतरी कारन असतं."

आमचं ऑफिस बेलापूरला, सातव्या मजल्यावर. न्हावा शेवा बंदराच्या आसपासच्या यार्डांमध्ये कुठला कंटेनर कुठल्या ट्रकवर चढायचा, हे ठरवणारं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. आमच्या धंद्यात एक सोय असते. कोडच्या प्रत्येक ओळीशेजारी ती शेवटची कोणी बदलली, त्याचं नाव दिसतं. आम्ही बाकीचे ती कशाला वापरतो? काही बिघडलं की कोणाला झापायचं, ते बघायला! सर मात्र रोज दुपारी डबा खाऊन झाला की ती नावं उघडून बसायचे. खिडकीतून खाडीवरचं धुरकट ऊन आत यायचं, सरांचे डोळे अर्धे मिटलेले, ओठ जरासे हलताहेत.

"सर, झोपलात का?" मी एकदा विचारलं.

"नाय गो. मानसं बघतो."

माझं नशीब असं, की खांदेश्वरला आमची सोसायटीही एकच. तिथे पाण्याच्या टाकीच्या एका व्हॉल्व्हला कोणीतरी लाल चिंधी बांधून ठेवली होती. ती काढून व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, एवढाच मीटिंगचा विषय. सर उठले. "चिंधी कोनी बांधली, आधी ते शोधा." झालं! चार दिवस सगळं अडलं. सरांनी जुन्या वॉचमनला तळोज्यात जाऊन गाठलं, तेव्हा कळलं की तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पाणी लिफ्टच्या खड्ड्यात शिरतं. सेक्रेटरींनी हात जोडले. मला मात्र तेव्हाही वाटलं, एकटा माणूस आहे, घरी वाट बघणारं कोणी नाही, म्हणून हे उद्योग सुचतात.

मग माझ्याच हातून एक घोळ झाला. मॅनेजरने सांगितलं, प्रत्येकाची लिहायची तऱ्हा वेगळी, सगळा कोड एकसारखा नीटनेटका करून टाक. त्यासाठी यंत्र असतं, एक बटण दाबायचं. सर रजेवर होते. शुक्रवारी दुपारी मी ते दाबलं आणि खुशाल घरी गेले. सोमवारी सर दुपारी येईपर्यंत चौघांनी त्यावर आपलं काम चढवलेलं, म्हणजे मागे फिरायची सोय नाही.

डबा खाऊन सरांनी नावं उघडली. समीर नाही, कोणीच नाही. वरपासून खालपर्यंत जवळजवळ सगळीकडे माझंच नाव, केतकी, केतकी, केतकी. मला आधी हसूच आलं. मग सरांचा चेहरा बघितला.

"हितं नलिनी व्हती," सर म्हणाले.

नलिनी इंगळे कोण, ते मला शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं. मी यायच्या आधी ती सरांशेजारी बसायची. मराठवाड्यातली, हुशार, कमी बोलणारी. आजारपणात गेली. क्रेनचा क्रम लावायची फाइल तिची. त्या फाइलला सरांनी इतक्या वर्षांत हात लावला नव्हता. बदल सुचवला की म्हणायचे, "विचारायला कोन हाय?" आम्ही त्याला आळस समजत होतो. आणि रोज दुपारी ते कोणाला बघत होते, हे मला तेव्हा समजलं. मला माझी इतकी लाज वाटली की काय सांगू.

दोन तास खटपट करून मी उपाय शोधला. केतकीचा तो एक बदल धरू नकोस, त्यामागचं नाव दाखव, असं त्या सोयीला बजावता येतं. बजावलं. पडद्यावर हळूहळू माणसं परत आली. नलिनी, नलिनी, नलिनी. माझा जीव भांड्यात पडला.

सर खुर्ची ओढून बराच वेळ बघत राहिले. मग ओळींवरून बोट फिरवत म्हणाले, "ओली आल्या. मोकल्या जागा नाय आल्या."

"म्हणजे?"

"एक काम झालं की ती दोन ओली कोऱ्या सोरायची. मी बोलायचो, कशाला वाया घालवतेस? ती बोलायची, वाचनाऱ्याला जरा दम खाऊ दे."

यंत्राने त्या फालतू म्हणून उडवल्या होत्या. "मी परत टाकते सर, पाच मिनिटांचं काम."

"तू टाकल्यास तं तुजं नाव लागंल."

"मग कोणाचं लागणार?"

सरांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. एकेका जागी थांबून, आठवून, दोनदा कळ दाबत ते खाली उतरत गेले. अख्खी दुपार लागली त्यांना. मॅनेजर मागून येऊन बघून गेला. मी त्याला डोळ्यांनीच हाकललं.

शेवटी सरांनी नावं उघडली. नलिनी, नलिनी, नलिनी. मग दोन कोऱ्या ओळी, आणि त्यांच्यापुढे घरत, घरत. पुन्हा नलिनी. फाइल संपेपर्यंत तसंच.

"कोनाला विचारलं नाय गो मी," सर हळूच म्हणाले.