समुद्राचा ओमेगा

सरांच्या बायकोने नाटक लिहिलं, बसवलं आणि नायिकाही स्वतःच झाली, तेव्हा समुद्र तेवढा सरांच्या वाट्याला आला. सर भौतिकशास्त्र शिकवत. त्यांनी फळ्यांच्या लाटा कापल्या, मागे होडी ठोकली आणि सगळं एका दांड्याने भोकं पाडलेल्या चाकाला जोडलं. चाकाची मूठ फिरवली की लाटा आणि होडी खालीवर होत.

पहिल्या अंकात नायक होडीतून जातो. दुसरा अख्खा अंक नायिका वाट पाहते आणि शेवटी तिचं वीस मिनिटांचं स्वगत. त्या स्वगतासाठी बाई तीन महिने भाजी चिरताना रडत होत्या, कांदा नसतानासुद्धा.

ऐन नाट्यस्पर्धेच्या दिवशी सरांचा खांदा आखडला आणि मूठ मेहुण्याच्या हाती गेली.

"आतलं भोक म्हणजे लहान लाट, बाहेरचं म्हणजे मोठी. त्याला आयाम म्हणतात. आपण आतलंच ठेवू," सर म्हणाले. "आणि कोनीय वारंवारता, म्हणजे ओमेगा, ठेवायचा एक."

"एक काय?"

"सेकंदाला एक रेडियन."

"म्हणजे एक फेरी."

"छे. एका फेरीत सहाहून थोडे जास्त रेडियन. आता त्रिज्येएवढा कंस घेतला, तर..."

"भावजी, पडदा उघडतोय. एक ना? झालं तर मग."

मेहुण्याने सेकंदाला एक फेरी धरली. शांत समुद्र सहापट घाईत आला. नायक "सखे, निरोप दे" म्हणायला उभा राहिला आणि "सखे" म्हणेपर्यंत तीनदा खाली बसला.

समोरच्या विंगेतून सरांनी हाताने लांबलचक, संथ लाट काढून दाखवली. सावकाश घे, असं त्यांना म्हणायचं होतं. मेहुण्याला वाटलं, लाट मोठी हवी. त्याने दांडा बाहेरच्या भोकात बसवला आणि गेलेला वेळ भरून काढला. सरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. हे कोणतं माप, ते मात्र मेहुण्याला कळेना.

नायकाचा चेहरा हिरवा पडला. पहिल्या रांगेतल्या एक आजी न राहवून म्हणाल्या, "अगं, अशा समुद्रात धाडतेस होय त्याला?" मागून आणखी चारजण म्हणाले, "नको जाऊ देऊस."

नायिकेने एकदा प्रेक्षकांकडे पाहिलं, एकदा नायकाकडे. तो आता ओकणार, हे तिला दिसत होतं.

"थांब," ती म्हणाली, "जाऊ नकोस."

नायकाने किनाऱ्यावर उडीच घेतली. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या म्हणजे शेवट, असं समजून पडदेवाल्याने पडदा पाडला.

परीक्षक आत आले. "विरहाच्या नाटकात विरहच नाही. केवढं धाडस," म्हणाले आणि पहिलं बक्षीस देऊन गेले.

घरी आल्यावर बाईंनी बक्षिसाची ढाल टेबलावर ठेवली. "त्या ओमेगाचं काय झालं, ते नीट सांगा."

सरांना भरून आलं. लग्न झाल्यापासून तिने असं पहिल्यांदाच विचारलं होतं. त्यांनी वर्तुळ काढलं, रेडियन दाखवला, फेरी दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे नीट फिरवलं असतं, तर मला माझं स्वगत म्हणता आलं असतं?"

"हो. पण मग बक्षीस..."

तिने खुर्ची ओढली आणि सरांना बसवलं. दारात मेहुणा हळूच चपला घालत होता.

"तूही बस," ती म्हणाली. मग तिने खिडकीबाहेर दूरवर पाहिलं आणि पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली.