तीन नंबरचा पलंग

रामधनभाऊ पाहुण्याचं नाव सगळ्यात शेवटी विचारतात. आधी गाव विचारतात, मग पलंग फिरवतात.

शनिवार-रविवार काढायला मी आणि पत्नी शेलूबाजारजवळच्या जुन्या डाकबंगल्यावर पोचलो, तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होती. इंग्रज अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांसाठी बांधलेला हा दगडी बंगला. वर कवेलूंचं छप्पर, पुढे व्हरांडा, तीन खोल्या, मागच्या अंगणापलीकडे नोकरांची एक खोली. आता एका खाजगी मालकाने त्याचं हॉटेल केलं आहे आणि फाटकावर ‘हेरिटेज’ अशी पाटी लावली आहे. आतला कारभार साठीच्या रामधनभाऊंकडे. त्यांच्या खांद्यावर बारदानाचे चार तुकडे होते. ते कशासाठी, हे लगेच कळलं.

“कोन्या गावचे?”

“वाशीम.”

त्यांनी खिडकीतून मावळतीकडे पाहिलं, सागवानी पलंगाच्या चारही पायांखाली बारदान सारलं आणि पलंग ढकलायला सुरुवात केली. सात मिनिटं लागली.

“आता सकायी डोये उघडले का वाशीम समोर.”

“वाशीम आम्ही रोजच पाहतो,” पत्नी म्हणाली. “दोन दिवस दिसू नये म्हणून तर आलो.”

“सारेच तसं म्हनतात, ताई. अन् रविवारी सकायीच पिशव्या भरून बसतात.”

पलंग खोलीत तिरपा उभा राहिला. न्हाणीचं दार आता वीतभरच उघडत होतं.

“आडवं होऊन जा, सायेब. याच्यातून ठेकेदार गेले, तुमी तर अर्धे बी नाही.”

अभिप्रायाची वही मी चाळली. पलंग सरळ असावेत, अशी मागणी पाच जणांनी केली आहे. त्यांतले दोघे पुढच्या पानांवर पुन्हा भेटतात.

रामधनभाऊंचे नियम पक्के आहेत. नवरा अकोल्याचा आणि बायको यवतमाळची आली, तेव्हा त्यांनी पलंगाचं तोंड, म्हणजे पायथा, यवतमाळकडे केलं. नवऱ्याने हरकत घेतली. त्याला उत्तर मिळालं, “तुमी तुमच्या घरून आले. त्या त्यायचं घर सोडून आल्या.” नांदेडच्या व्यापाऱ्याच्या वेळी मात्र पेच पडला. नांदेड दक्षिणेला, आणि जित्या माणसाचे पाय दक्षिणेकडे करायचे नाहीत. अर्धा तास विचार करून त्यांनी व्यापाऱ्याचं डोकं दक्षिणेला ठेवलं, न्हाणीतला आरसा काढला आणि पायथ्याच्या भिंतीवर टांगला. “आरशात पाहा, शेठ. मांगं नांदेड.” व्यापारी एक दिवस जास्त राहिला, असं रजिस्टर सांगतं.

रात्रीच्या जेवणात ते भाकरी वाढत असताना मी कारण विचारलं. रामधनभाऊ मानोऱ्याकडच्या एका बंजारा तांड्याचे. लहानपणी आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचे.

“थोड्या दिसात नवं शिवार, नवी खोपी. सकायी उठलं का आपुन कुठं हाव, समजेच ना. मंग माय माहे पाय तांड्याकडं करून निजवे. म्हने, पाय जिकडं हायेत ना, तिकडं आपला तांडा. रडू नाही ये मंग.” पुढची भाकरी त्यांनी न विचारता वाढली.

शनिवारी सकाळपासून ते तीन नंबरची खोली पुसत होते. दोनदा पुसून झाली होती. तिथे उतरणारी पाहुणी होती त्यांची मुलगी, सुनीता. सहा वर्षांपासून पुण्यात नर्स. ती मागच्या खोलीत लहानाची मोठी झाली, या तिन्ही खोल्या तिने झाडल्या, पण पलंग पाहुण्यांचे, म्हणून त्यांवर कधी बसलीही नाही. आता तिने मालकाला फोन करून रीतसर खोली घेतली होती.

“मग आनंदच आहे,” मी म्हणालो.

“आनंद तर हाय. पन गाव इचारा लागन ना.”

“मुलीला कशाला विचारता?”

“साऱ्यायले इचारतो. तिले काहून नाही?” फडकं त्यांनी उगाच पिळलं. “पुनं म्हनली, तर पुन्याकडं करून देईन. काय हरकत हाय.”

तीन नंबरचा पलंग सरळ उभा होता. अख्ख्या बंगल्यात तेवढा एकच, कुठेच तोंड नसलेला.

सव्वातीनला जीप फाटकाशी थांबली. सुनीता एक बॅग घेऊन उतरली. धुतलेला सदरा घालून रामधनभाऊ टेबलामागे बसले होते. त्यांनी रजिस्टर उघडलं.

“कोन्या गावच्या तुमी?”

ती हसली. मग बाप हसत नाही, हे तिने पाहिलं आणि बॅग खाली ठेवली. उघड्या दारातून तिला तो सरळ पलंग दिसत होता.

“तुमची खाट कुठं असते आता, बाबा?”

“मांगंच. जिथं होती तिथं.”

“मंग तिकडंच करा.”

मागची खोली उत्तरेला, त्यामुळे कोणताच नियम मोडत नव्हता. रामधनभाऊ पलंगाला कोणाला हात लावू देत नाहीत. त्या दिवशी दुसरं टोक सुनीताने धरलं. दोन मिनिटांत काम झालं. मग दोघं त्यांच्या गोरमाटी बोलीत बोलू लागली आणि आम्ही व्हरांड्यात गेलो.

रविवारी सकाळी मी दाढी करायला आडवा होऊन न्हाणीत शिरलो, तर आरसा जागेवर नव्हता. तक्रार घेऊन मागे गेलो. रामधनभाऊ दाराबाहेर चुलीवर पाणी तापवत होते. आत त्यांची खाट दिसली. मातीच्या जमिनीत खाटेच्या पायांचे चार जुने, खोल खड्डे होते. त्यांवरून आणि पूर्वेच्या भिंतीवर डोक्याच्या तेलाचा जो डाग होता त्यावरून पाहता ती कित्येक वर्षं पश्चिमेकडे तोंड करून असावी. तांडा तर पूर्वेला.

“पुनं तिकडं पडते,” मी विचारायच्या आधीच ते म्हणाले.

खाट आता त्या खड्ड्यांत नव्हती. उशी दाराकडे होती, पाय उत्तरेला. बंगला दक्षिणेला, त्यामुळे बंगल्याकडे पाय करणं शक्यच नव्हतं. पायथ्याच्या भिंतीवर आमच्या न्हाणीतला आरसा टांगला होता. त्यात उघडं दार दिसत होतं, अंगण दिसत होतं, आणि अंगणापलीकडे तीन नंबरची खिडकी.

“तिच्या खोलीतला काढला असता, सायेब,” ते म्हणाले, “पन तिले केस इंचरा लागतात. दाढी काय, तुमाले वाशीमले बी करता येते.”

मी गरम पाण्याची बादली घेतली आणि परत फिरलो.