अंड्याला व्हॉल्व नसतो

वेणूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर किर्तींनी बजावलं, "आठवडाभर गॅससमोर उभं राहायचं नाही. धग नको, धूर नको, फोडणी तर नकोच नको." वेणूबाईंनी मान हलवली. मग काळ्या चष्म्याआडून शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे त्यांचे यजमान हरिचंद्र भोईर, या सगळ्याचा आपल्याशी काही संबंध नाही अशा चेहऱ्याने, भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचत बसले होते.

संबंध होता. मुलगा दिपेशचा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवण्याचा छोटा कारखाना. सून उन्नती अंबरनाथला पतपेढीत. दोघं सकाळी बाहेर पडली की बदलापुरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये म्हातारा-म्हातारीच. स्वयंपाक उन्नती सकाळीच करून ठेवणार होती. दुपारी तो गरम कोणी करायचा एवढाच प्रश्न होता. हरिचंद्रांना गॅसपाशी जाऊ द्यायला कोणीच तयार नव्हतं. मागे एकदा त्यांनी दूध तापत ठेवलं आणि खाली पेपर आणायला जाऊन गप्पा मारत बसले. त्या पातेल्यात नंतर तुळस लावावी लागली.

"मी एक आठवडा सुट्टी टाकते," उन्नती म्हणाली.

"काय गरज नाय," हरिचंद्र म्हणाले. "तो डबा हाय ना."

डबा म्हणजे मायक्रोवेव्ह. तो दिवाळीत घरात आला होता आणि वेणूबाईंनी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल टाकून वर फुलदाणी ठेवली होती. "जाल दिसत नाय, धूर दिसत नाय, मग जेवान तापता कसा?" असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला होता. उन्नतीने आता फुलदाणी उचलली, रुमाल काढला. वरच्या आणि मागच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते, ती मोकळी ठेवायची, हे सांगितलं आणि सासऱ्यांची शिकवणी सुरू केली.

हरिचंद्र हात मागे बांधून ऐकत होते. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी उभी हयात बॉयलर सांभाळला होता. वाफ, दाब, काटा या गोष्टी त्यांच्या अंगात मुरलेल्या. या पांढऱ्या पेटीकडे ते निवृत्त पैलवानाने आखाड्यातल्या पोराकडे बघावं तसे बघत होते.

"बाबा, पहिली गोष्ट, स्टील अजिबात नाही. ठिणग्या उडतात. काचेचं भांडं घ्यायचं, हे बघा, याच्यावर लिहिलंय चालतं म्हणून. दुसरी गोष्ट, घट्ट झाकण लावायचं नाही. वाफेला वाट पाहिजे."

"ह्या तू मना सांगतेस?" हरिचंद्र हसले. "अगं, वाफेला वाट नाय दिली तर काय होता ते मी तुला सांगतो." आणि त्यांनी ते खरोखरच सांगितलं, बराच वेळ.

पहिले काही दिवस मोठे छान गेले. दुपार झाली की हरिचंद्र पांढरा गंजिफ्रॉक घालून ड्युटीवर हजर होत. काचेच्या भांड्यात भात, त्यावर पाण्याचा शिपका, वर उलटी बशी ठेवून बटण. मध्येच थांबवून ढवळायचं, मग पुन्हा बटण. ताट वाढताना भांडं फडक्याने धरायचं. डाळ एकदा गार राहिली, एकदा जीभ भाजेल इतकी तापली. पण वेणूबाई काही बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच बसून, हातात आयतं ताट घेऊन, दुपारचं जेवण केलं होतं. पहिल्या दिवशी तर त्या सवयीने दोनदा उठल्या. "बस," हरिचंद्र म्हणाले, "सुपरवायझर मी हाय." तिसऱ्या दिवशी त्या उठल्या नाहीत.

गडबड झाली ती शुक्रवारी. उन्नतीला उशीर झाला होता, खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. लिफ्टमध्ये शिरल्यावर तिला काहीतरी आठवलं. दारात उभ्या असलेल्या सासऱ्यांना ती मोठ्याने म्हणाली, "आणि हो, बाबा, त्यात अंडं..." तेवढ्यात लिफ्टचं दार लागलं.

हरिचंद्र दारातच विचार करत उभे राहिले. 'त्यात अंडं.' म्हणजे डाळभाताबरोबर आईंना अंडं पण द्या, ताकद येईल. पोरीला सासूची किती काळजी! त्यांना भरून आलं.

दुपारी त्यांनी फ्रीजमधून एक गावठी अंडं निवडलं, धुतलं, पुसलं. नियम दोन होते. स्टील नाही, त्यांनी काचेचं भांडं घेतलं. घट्ट झाकण नाही; त्यांनी झाकणच ठेवलं नाही. अंडं भांड्याच्या मधोमध ठेवलं. आता वेळ किती? गॅसवर अंडं उकडायला बराच वेळ लागतो एवढं ते ऐकून होते. त्यांनी सढळ हाताने बटण दाबलं.

बाहेर वेणूबाई सोफ्यावर बसून मालिका ऐकत होत्या. डोळ्यांना त्रास नको म्हणून बघायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"वेणू, मीठ कुठं असता गं?"

"फडतालात. डावे हाताला."

हरिचंद्र मिठासाठी मागे वळले. आपल्याच घरात मीठ कुठे असतं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्या अज्ञानानेच त्यांचं थोबाड वाचवलं. ते वळले आणि पाठीमागे असा धडाका झाला की पेटीचं दार आपोआप उघडलं, काचेचं भांडं आतल्या आत दुभंगलं आणि पिवळापांढरा मारा छतापर्यंत गेला.

समोरच्या फ्लॅटमधल्या मालिनीताई दार उघडून धावत आल्या. "काका! काय झालं? काय फुटलं?"

हरिचंद्रांच्या कानात शिट्ट्या वाजत होत्या. "अंडा!" ते ओरडले. "अंडा फुटला!"

"हंडा?" मालिनीताईंचा चेहरा पांढरा पडला. "अगंबाई! हंडा फुटला! गॅसचा हंडा फुटला!"

हा शब्द जिन्यावरून खाली गेला तेव्हा त्याचा 'बाटला' म्हणजे सिलिंडर झाला आणि तळमजल्यावर पोचेपर्यंत बाटले दोन झाले. सोसायटीचा सेक्रेटरी कमलेश याच क्षणाची वाट पाहत होता. मागच्या वर्षी त्याने भांडून भांडून आगीची घंटा बसवून घेतली होती आणि तेव्हापासून ती एकदाही वाजली नव्हती. त्याने ती वाजवली. मेन स्विच पाडला. लिफ्ट बंद झाली, घंटा मात्र वेगळ्या बॅटरीवर असल्यामुळे वाजतच राहिली, आणि ती बंद कशी करायची हे कमलेशला कोणी सांगितलं नव्हतं.

"सगळ्यांनी खाली चला! सामान नको! शांततेत!" कमलेश एवढ्या जोरात ओरडत होता की शांतता राहिली असती तरी पळून गेली असती.

"अरे, ऐक रं, आग नाय!" हरिचंद्र सांगत होते. पण घंटेपुढे कोण ऐकतंय? शेवटी त्यांनी नाद सोडला. वेणूबाईंना गर्दीत धक्का लागला तर? डोळ्याला कोणाचं कोपर लागलं तर? त्यांनी बायकोचा हात धरला, दुसरा हात तिच्या खांद्यामागून भिंतीसारखा धरला आणि एकेक पायरी उतरू लागले.

"हात सोडा," वेणूबाई कुजबुजल्या. "लोक बघतात."

"तुला काय दिसता, लोक बघतात का नाय ते?"

"एक डोला चांगला हाय माझा."

"मग त्या डोल्याने पायरी बघ."

खाली पार्किंगमध्ये अख्खी बिल्डिंग जमली होती. कोणी प्लास्टिकची खुर्ची दिली, कोणी पाणी दिलं. वेणूबाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडावर धरला. त्यांचे खांदे हलू लागले. काळ्या चष्म्याखालून पाण्याची धार लागली.

हरिचंद्र तिच्यासमोर वाकले. "वेणू? डोला दुखतो काय?"

वेणूबाईंनी मान हलवली. ती 'हो' होती की 'नाही' ते कळेना. बोलायला गेल्या तर नुसता हुंदका बाहेर पडला.

बॉयलरचा काटा लाल रेघेला लागला असतानाही हरिचंद्र कधी गडबडले नव्हते. आता गडबडले. डॉक्टर म्हणाल्या होत्या, धक्का नको, जोर नको, रडणं नको. त्या अंड्याच्या आवाजाने टाका सुटला असेल. टाका घातला होता की नाही हेही त्यांना नक्की माहीत नव्हतं, पण तो सुटला असणार याबद्दल खात्री होती.

वर जाऊन पाहणी करून कमलेश परत आला. हातात कवचाचा तुकडा होता. "काका, सिलिंडर एकदम ओके आहे," तो जाहीरपणे म्हणाला. "पण छताला हे चिकटलंय."

पार्किंगमध्ये जो हशा पिकला तो हरिचंद्रांच्या कानावरून गेला. ते रिक्षाला हात करत होते.

रिक्षा गेटातून बाहेर पडतेय तोच, माल पोचवायला बदलापुरातच आलेला दिपेश समोरून धावत आला. गळ्यात मापाची पट्टी तशीच, पायात दोन वेगळ्या चपला. "बाबा! आई किधर है? मालिनीकाकू फोनवर बोलल्या, बाटला फुटला!"

"बस आत. डॉक्टरकडं चल. मी तुझ्या आईचा डोला घालवला."

"आं?" दिपेश म्हणाला आणि चालत्या रिक्षात बसला.

दिपेशचा फोन मिळताच उन्नती अंबरनाथहून थेट डॉक्टरांच्या कुळगावच्या दवाखान्यातच आली. तिने सासूला आधी चाचपून पाहिलं, मग सासऱ्यांना. "बाबा, नक्की काय केलंत?"

"तू सांगलास ना, अंडा दे म्हणून. दिला."

"अहो बाबा! मी म्हणत होते, त्यात अंडं ठेवू नका!"

हरिचंद्र बाकावर बसले. "बरोबर," ते हळूच म्हणाले. "चारी बाजूंनी बंद. आत पानी. वाफेला जागाच नाय. त्याला व्हॉल्वच नसतो गं. आनि मी, बॉयलरवाला, ठेवला त्याला आत." उन्नती त्यांच्याशेजारी बसली आणि रुमालाने त्यांच्या मानेवरचं काहीतरी पुसू लागली.

आत एकाच नातेवाइकाला सोडत होते. हरिचंद्र गेले. डॉक्टर किर्तींनी वेणूबाईंची हनुवटी यंत्रावर टेकवली, दिवा मारला, खालीवर बघायला लावलं. हरिचंद्र खुर्चीच्या काठावर बसून देवाचं नाव घेत होते.

"छान आहे की," डॉक्टर म्हणाल्या. "जखम मस्त भरलीय. काही झालेलं नाही."

"मग पानी?" हरिचंद्र उठून उभे राहिले. "एवढी रडत होती ती!"

"आजी, का रडत होतात?"

वेणूबाईंनी पुन्हा पदर तोंडाला लावला. "रडत नव्हती मी, बाय. हासत होती. हा मानूस सगल्या बिल्डिंगीदेखत माझा हात धरून जिना उतरला. आनि खाली येऊन बघते तं याच्या कानाला, गालाला, सगला पिवला लागलेला. मना आमची हलद आठवली. तवा पन असाच घाबरलेला दिसत होता."

डॉक्टर हसू दाबत कागदावर काहीतरी लिहू लागल्या. हरिचंद्रांनी कानाला हात लावला. बोटाला अजूनही थोडं पिवळं लागलं. ते खाली बसले आणि त्यांनी असा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला.

"आता थेंब तेवढे चालू ठेवा, काका," डॉक्टर म्हणाल्या. "डोळा चोळायचा नाही. बाकी आजपासून सगळं चालेल. गॅससमोर गेल्या तरी हरकत नाही. फोडणी देताना चष्मा लावा म्हणजे झालं."

"बरा, बरा," हरिचंद्र म्हणाले.

दोघं बाहेर आली. दिपेश आणि उन्नती ताडकन उठली. "काय बोलल्या डॉक्टर?"

हरिचंद्र सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात वेणूबाईंनी चष्मा नीट केला. "डोला बरा हाय," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "पन आजून पंधरा दिस गॅसकडं फिरकायचा नाय, सांगलाय."

हरिचंद्रांनी बायकोकडे पाहिलं. वेणूबाई समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या. पदराचं टोक मात्र बोटाला गुंडाळत होत्या.

"पंधरा दिवस?" उन्नतीने सासऱ्यांकडे वळून विचारलं. "खरंच, बाबा?"

"हां," हरिचंद्र म्हणाले. "डोल्याचा काम हाय. पंधरा काय, वीस पन लागतील." त्यांनी वेणूबाईंचा हात धरला आणि पायऱ्यांकडे निघाले. या वेळी लोक बघतात असं कोणी म्हणालं नाही.

"उद्या दुपारी काय खाशील?" त्यांनी हळूच विचारलं.

वेणूबाईंनी चार पायऱ्या विचार केला. "अंडा सोडून काय पन."