चार फलकांची बैठक

वाघोलीच्या त्या इंजिनीअरिंग कॉलेजात विद्यार्थ्यांच्या भल्यासाठी चार समित्या होत्या आणि चारही समित्यांत तीच तीन माणसं होती. कल्याण समितीच्या अध्यक्ष सत्यशीला खांदवे मॅडम, उपस्थिती समितीचे बद्रीनाथ परचुरे सर आणि परीक्षा समितीचे सुदर्शन सर. तक्रार निवारण समिती कुणालाच नको होती, म्हणून तिचं अध्यक्षपदही परचुऱ्यांच्याच गळ्यात पडलं होतं. वर्षभर या समित्या कागदावर नियमित भेटत आणि एकमेकींना पत्रंही लिहीत.

सोमवारी तपासणीला बाहेरचं पथक येणार आणि त्यांना बैठकांचे फोटो लागणार, हे प्राचार्यांनी शुक्रवारी सांगितलं. तिघांनी मग चारही समित्यांचे फलक सभागृहात आणून ठेवले. एकेक टांगायचा, खुर्च्या इकडेतिकडे करायच्या, परचुऱ्यांनी जाकीट घालायचं नाहीतर काढायचं आणि वर्षभराच्या बैठका जेवणाच्या सुट्टीआधी उरकायच्या, असं ठरलं. सुदर्शन सरांचा मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर टेकवून कॅमेऱ्याचीही सोय झाली. अडचण एकच होती. परीक्षेआधीची सुट्टी लागल्यानं कॉलेजात औषधालाही विद्यार्थी नव्हता.

तेवढ्यात दारात उत्कर्षा येऊन उभी राहिली. तिसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी वाशीमची. काविळीनं आजारी पडून ती बरेच दिवस गावी होती, हजेरी कमी भरली म्हणून तिचं हॉल तिकीट अडकलं होतं आणि पहिला पेपर मंगळवारी होता. आपल्या अर्जाचं पुढे काय झालं, हे विचारायला ती आली होती.

"अगदी टायमावर आलीस," सुदर्शन सर म्हणाले. "इथं बस आणि काहीतरी प्रॉब्लेम सांगतेयस असं दाखव."

उत्कर्षाला दाखवायची गरजच पडली नाही. ती खरंच सांगू लागली आणि सांगता सांगता रडू लागली. परीक्षेला बसू दिलं नाही तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर बाबा पुण्याला परत पाठवणार नाहीत. फोटो फार चांगला आला, पण मॅडमना फोटोचं भान राहिलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे शिफारस लिहिली, परचुऱ्यांनीही हळहळत सही केली. मात्र निर्णय उपस्थिती समितीचा असल्यानं तिकडे जावं लागेल, असं त्यांनी तिला प्रेमानं सांगितलं.

"ती कुठे बसते सर?"

सुदर्शन सरांनी फलक बदलला. परचुऱ्यांनी जाकीट चढवलं आणि त्याबरोबर चेहराही. त्यांनी तिला हजेरीचा नियम पोटनियमांसह वाचून दाखवला. मॅडमनी मघाच्या शिफारशीची आठवण करून दिली.

"तिथं मी सदस्य होतो, मला वाईट वाटलं," परचुरे म्हणाले. "इथं मी अध्यक्ष आहे. इथं वाईट वाटण्याची तरतूद नाही."

अर्ज नामंजूर झाला, त्याचाही फोटो निघाला. उत्कर्षा डोळे पुसत उठू लागली, तसं मॅडमनी तिला हाताला धरून खाली बसवलं. पुढचा फलक तक्रार निवारणाचा होता आणि तक्रार करायला कुणीतरी हवंच होतं. न घाबरता सगळं सांग, असं त्या म्हणाल्या.

परचुरे जाकीट काढून पुढे झुकून बसले. या पदावर आल्यापासून त्यांच्यापुढे कुणी तक्रार घेऊन आलंच नव्हतं, त्यामुळे त्यांना आतून हुरूप आला होता. डॉक्टरांचा दाखला जोडूनही अर्ज नाकारला, प्रकृती कशी आहे हेसुद्धा कुणी विचारलं नाही, असं उत्कर्षानं सांगितलं. परचुऱ्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"पोरगी काविळीनं पडलीय आणि हे हजेरी मोजतायत," ते म्हणाले. "कोण आहे तिथं अध्यक्ष?"

सुदर्शन सर मोबाइलखालची पुस्तकं सरळ करू लागले. मॅडम छताकडे बघू लागल्या.

"ओळखतो मी त्या माणसाला," परचुरे जरा वेळानं म्हणाले. "नियमावर बोट ठेवलं की याचं काम संपलं. लावा तो फलक परत."

फलक परत लागला. परचुऱ्यांनी स्वतःच लिहिलेले स्वतःवरचे ताशेरे वाचले, थोडी कुरकुर केली आणि अर्ज मंजूर केला. सुदर्शन सरांनी ऑफिसात पळत जाऊन हॉल तिकीट छापून आणलं आणि चौथ्या, परीक्षा समितीच्या फलकाखाली उभं राहून तिच्या हातात ठेवलं. उत्कर्षा इतकी हसली की तिघांनाही फार बरं वाटलं. इतकी वर्षं समित्यांवर काढून असं काही वाटण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

सोमवारी पथकाच्या प्रमुख बाईंनी ते फोटो दोनदा पाहिले. इतर कॉलेजांच्या फोटोत सगळेच कॅमेऱ्याकडे बघत असतात, इथं कुणीच बघत नाही, असं म्हणून त्यांनी भरभरून शेरा लिहिला. प्राचार्यांनी तो ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवला.

मंगळवारी उत्कर्षा पेपर लिहीत असताना तिघं फलक उतरवायला सभागृहात गेले, तर दारात दुपारच्या पेपरची बरीच पोरं उभी. सगळ्यांत पुढे रविराज नावाचा दुसऱ्या वर्षाचा मुलगा होता.

"सर, उत्कर्षाताई म्हणाली, इथं फोटो काढला की काम होतं. आमचा पण काढा ना. हॉस्टेलला पाणीच येत नाही."

परचुऱ्यांनी सगळ्यांना आत बसायला सांगितलं. सुदर्शन सर सवयीनं पुस्तकांच्या चळतीवर मोबाइल टेकवू लागले.

"तो खिशात ठेवा," परचुरे म्हणाले. "बैठक चालू आहे."